नोंद डिस्कवर पोहोंचली काय?

आमच्या धरमपेठेंतील एखाद्या बँकेंत आपण शंभर रुपये भरले, कारकुनानें बटण दाबलें, पडद्यावर ‘जमा’ असें उमटलें, आणि तेवढ्यांत यंत्राची वीज गेली. तर ते रुपये खात्यांत राहिले काय? नागपूरच्या उन्हाळ्यांत हा प्रश्न अगदींच काल्पनिक नव्हे.

‘युनिक्स’ या प्रणालीचा आरंभ १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं केला. तींतील फाइलव्यवस्था हुषार परंतु थोड्या आरामशीर कारकुनासारखी असते. नोंद हातीं दिली कीं ती ‘लिहिली’ म्हणते. वस्तुतः ती यंत्राच्या स्मृतींत ठेवते आणि मागाहून, जुन्या युनिक्समध्यें सुमारें ३० सेकंदांच्या अंतरानें, डिस्कवर उतरविते. निबंध लिहिणारास यांत नफाच आहे, कारण काम झपाट्यानें होतें. हिशेब राखणाऱ्या डेटाबेसची गोष्ट निराळी. मुनीम आधीं रोजकीर्द लिहितो, मग खतावणी करतो. डेटाबेसही प्रत्येक बदल प्रथम आपल्या रोजकीर्दींत नोंदतो, म्हणजे अपघातानंतर तीवरून खातीं पुन्हा जुळवितां येतात. खतावणी आधीं उतरली आणि रोजकीर्द स्मृतींतच बुडाली, तर ही सारी सोय व्यर्थ होय. शिवाय डेटाबेस स्वतःजवळही पानें राखतो. सबब एकच पान स्मृतींत दोन ठिकाणीं पडून राहतें. बर्कली येथें ‘इंग्रेस’ हा डेटाबेस रचणारे मायकेल स्टोनब्रेकर यांनीं १९८१ सालीं ही अडचण एका निबंधांत मांडली.

यावर एक उपाय असा कीं, कारकुनास मधून काढावें आणि डिस्कचा एक भाग कोराच डेटाबेसच्या स्वाधीन करावा. यासच ‘रॉ डिव्हाइस’ म्हणतात. येथें लिहिलें म्हणजे लिहिलेंच. (डिस्कच्या अंगच्या स्मृतीची बाब अर्थात् वेगळी.) पण यंत्र सांभाळणारास हा प्रकार जाचक होतो. या जागेंत फाइलींचीं नांवें दिसत नाहींत, नेहमींच्या आज्ञेनें नक्कल घेतां येत नाहीं, जागा वाढविणें कठीण. आणि कोणी नवखा ती मोकळी समजून तेथें नवी फाइलव्यवस्था मांडूं लागला, तर सर्व खातीं क्षणांत पुसलीं जातात. आमच्या मतें हें शेवटचें भय वीज जाण्याच्या भयाहून लहान नाहीं.

मधला मार्ग हळूहळू निघाला. १९८३ च्या बर्कली युनिक्समध्यें ‘एफसिंक’ ही आज्ञा आली. तिनें ‘ही फाइल आतांच डिस्कवर उतरीव’ असें बजावतां येतें. लिनक्समध्यें २००१ सालीं फाइल ठेवूनही मधली स्मृति टाळण्याची सोय झाली. इंग्रेसच्याच वंशांतील ‘पोस्टग्रेस’ तर प्रथमपासून फाइलींवरच विसंबला. त्यासही २०१८ सालीं ठेंच लागली. लिनक्सवर एफसिंक एकदां अयशस्वी झाल्यावर पुन्हा मागितल्यास ‘झालें’ असें उत्तर मिळे, आणि नोंद मात्र हरवलेली असे. तेव्हांपासून तें उत्तर अपयशाचें आलें कीं पोस्टग्रेस तेथेंच थांबतो आणि रोजकीर्द उघडून खातीं नव्यानें जुळवितो.