उत्तर मुंबईचा नट-खासदार : एक साधनविचार

अगदीं अलीकडच्या घटना इतिहाससंशोधनाचा विषय होऊं नयेत, असा समज आपल्यांत रूढ आहे. परंतु ज्या घटनेची दंतकथा साक्षीदारांच्या हयातींतच बनूं लागते, तिची छाननी लांबणीवर टाकणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं. चित्रपटनट गोविंदा यांचा राजकीय उदयास्त हें असेंच एक प्रकरण होय. दहिसर व वसईची खाडी यांच्या दरम्यान वसलेल्या मीरा-भाईंदरांत त्याविषयीं जी कथा ऐकूं येते ती थोडक्यांत अशी : नटानें लोकांस भुलविलें व पुढें लोकांनींच त्यास पाडलें. या कथेचीं दोन्ही अंगें साधनांच्या कसोटीस उतरत नाहींत.

प्रथम निर्विवाद गोष्टी नमूद करूं. गोविंद अरुण आहुजा यांचा जन्म 1963 चा. वडील अरुणकुमार हे जुन्या पिढींतील नट व आई निर्मलादेवी या ठुमरीगायिका. गोविंदा विरारला वाढले, 1986 सालीं पडद्यावर आले, आणि 'आँखें' (1993), 'राजाबाबू' (1994), 'कुली नंबर 1' (1995) अशा विनोदी चित्रपटांनीं घरोघर पोंचले. 2004 च्या लोकसभा निवडणुकींत काँग्रेसतर्फे उत्तर मुंबईंतून उभे राहून त्यांनीं राम नाईक यांचा सुमारे 48 हजार मतांनीं पराभव केला. नाईक हे 1989 पासून सलग पांच वेळां निवडून आलेले व त्या समयीं केंद्रांत पेट्रोलियम मंत्री होते. रेल्वे-प्रवाशांच्या प्रश्नांवर त्यांनीं दशकानुदशकें काम केलें होतें.

आतां 'भुलविलें' या पदाचा विचार. तेव्हांचा उत्तर मुंबई मतदारसंघ खाडीपलीकडेहि पसरलेला होता. म्हणजे विरारचा मुलगा आपल्याच मुलखांत मतें मागत होता. शिवाय त्या वर्षीं मुंबईच्या सहा जागांपैकीं पांच काँग्रेसनें जिंकल्या. 2009 सालीं गोविंदा रिंगणांत नसतांहि नाईक यांचा पुन्हा पराभव झाला, व संजय निरुपम निवडून आले. मधल्या काळांत मतदारसंघाच्या सीमा बदलल्या होत्या, हें खरें. तरी 2004 च्या जयाचें सर्व श्रेय नटाच्या मोहिनीस देतां येत नाहीं, इतकें यावरून सिद्ध होतें.

'पाडलें' हें तर सर्वस्वी निराधार. लोकसभेंतील अल्प उपस्थिति, तसेंच जुलै 2005 च्या महापुराच्या वेळची निष्क्रियता, यांवरून गोविंदा यांजवर टीका झाली. 2008 सालीं त्यांनीं राजकारण सोडण्याचा मनोदय जाहीर केला व 2009 ची निवडणूक लढविलीच नाहीं. मार्च 2024 मध्यें ते एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेंत आले, पण त्या वर्षींच्या लोकसभेसहि उमेदवार नव्हते. ज्याला मतदारांनीं कधीं नाकारलेंच नाहीं, त्याचा अस्त कशानें झाला? आमच्या मतें अनुपस्थितीनें. नटाचा व्यवसाय यास कारण म्हणावा, तर शेजारच्याच वायव्य मुंबईचे सुनील दत्त आडवे येतात. तेहि नट आणि त्याच पक्षाचे; पण 1984 पासून 2004 पर्यंत पांच वेळां निवडून आले, व 1987 सालीं मुंबईहून अमृतसरपर्यंत पायीं चालत गेले. पडद्यावरील रूप एकदां मत मिळवून देतें. तें टिकविण्यास माणूस स्वतः हजर असावा लागतो.

मतांचे आंकडे निवडणूक आयोगाच्या दप्तरीं सुरक्षित आहेत. परंतु त्या आंकड्यांमागील आशा ज्यांत उतरली होती, तीं प्रचारपत्रकें, भित्तिपत्रकें व स्थानिक साप्ताहिकें रद्दींत जात आहेत. 2008 च्या पुनर्रचनेनें वसई व नालासोपारा पालघर मतदारसंघांत गेले, मीरा-भाईंदर आज ठाण्यांत आहे, आणि उत्तर मुंबई खाडीअलीकडेच उरली. त्यामुळें जुन्या मतदारसंघाची आठवण एके ठिकाणीं जपणारें कोणी राहिलें नाहीं. पेशवाईंतील चिटोऱ्यासाठीं वाडे धुंडाळणाऱ्या आमच्या संग्राहक मित्रांनीं असे कागद मिळतील तेथून उचलावे, व प्रत्येकावर प्राप्तिस्थान आणि तारीख लिहून ठेवावी. तारखेवांचून कागद मुका असतो, हें त्यांस आम्हीं सांगावयास नको.