५४ तासांत अ‍ॅप तयार होते, पुढे काय?

शुक्रवारची संध्याकाळ. सभागृहात कोणी संगणक अभियंता, कोणी डिझायनर, कोणी दवाखाना बंद करून आलेला डॉक्टर. माइकसमोर प्रत्येकाला फक्त ६० सेकंद. तेवढ्यात आपल्या डोक्यातली कल्पना सांगायची आणि खाली बसायचे. मग मतदान होते, आवडलेल्या कल्पनांभोवती गट जमतात. काही तासांपूर्वी एकमेकांची नावेही माहीत नसलेल्या या मंडळींनी रविवारी संध्याकाळी परीक्षकांसमोर नवे अ‍ॅप चालवून दाखवायचे असते. हातात वेळ ५४ तास!

‘स्टार्टअप वीकेंड’ ही स्पर्धा २००७ मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील बोल्डर शहरात सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली. आपल्याकडे २०१७ पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’मध्ये विद्यार्थी सलग ३६ तास असेच झटतात. अशा स्पर्धांत आरोग्याच्या कल्पना हमखास असतात. आपल्या फोनमध्ये येणाऱ्या आरोग्य-अ‍ॅपची सुरुवात अशाच एखाद्या खोलीत झालेली असू शकते. म्हणूनच शनिवार-रविवारात नेमके काय तयार होते आणि काय होत नाही, हे आपणही समजून घ्यायला हवे.

समजा, एका गटाने औषधाची आठवण करून देणारे अ‍ॅप करायचे ठरवले. प्रश्न खराच मोठा आहे. विकसित देशांतही दीर्घकाळच्या आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषधे घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नोंदवले होते. गटाला उत्तर सोपे वाटते. माणसे विसरतात, तेव्हा फोनने गजर द्यावा. दोघे लगेच प्रोग्रॅम लिहायला बसतात.

पण जाणते मार्गदर्शक शनिवारी सकाळी गटाला खोलीबाहेर पिटाळतात. आधी औषधे घेणाऱ्यांशी बोला, मग पडद्यावर बटणे काढा! बाहेर वेगळेच ऐकू येते. एखाद्या आजी विसरत नाहीत, पण दोन गोळ्यांची पाकिटे सारखीच दिसतात म्हणून गोंधळतात. कोणी बरे वाटू लागले म्हणून गोळ्या सोडतो. कोणी परवडत नाही म्हणून दिवसाआड घेतो. यातल्या एकाचाही इलाज गजरात नाही. शनिवारी दुपारपर्यंत मूळ कल्पना मोडते आणि गट हिरमुसतो. खरे तर स्पर्धेतला सर्वांत मोलाचा क्षण तोच असतो, कारण आता खरा प्रश्न हाती आलेला असतो.

‘पिलपॅक’चे उदाहरण पाहा. टी. जे. पार्कर स्वतः फार्मासिस्ट आणि औषध दुकानदाराचा मुलगा. रोज अनेक गोळ्या घेणाऱ्यांची तारांबळ त्याने वडिलांच्या दुकानात पाहिलेली. २०१२ मध्ये ‘एमआयटी हॅकिंग मेडिसिन’च्या स्पर्धेत त्याने इलियट कोहेन यांच्यासह कल्पना मांडली. एका वेळच्या सगळ्या गोळ्या एकाच छोट्या पाकिटात भरायच्या, त्यावर तारीख आणि वेळ छापायची आणि पाकिटांची गुंडाळी घरपोच पाठवायची. उत्तराचा गाभा फोनमध्ये नव्हता, साध्या पाकिटात होता. २०१८ मध्ये ‘अ‍ॅमेझॉन’ने ही कंपनी सुमारे ७५ कोटी डॉलरना घेतली. मधली वर्षे मात्र औषध विक्रीचे परवाने, गोळ्या भरण्याची यंत्रणा आणि रोजच्या चुका टाळणे यात गेली. ते काम कुठल्याही शनिवार-रविवारात उरकण्यासारखे नव्हते.

शनिवारची रात्र हा आणखी एक सापळा. जागरण करणे ही अशा स्पर्धांत मर्दुमकी समजली जाते. विज्ञान वेगळे सांगते. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी ढासळते, असे ‘नेचर’मध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पहाटे चार वाजता लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये सकाळच्या जागी रात्रीचा डोस पडला, तर खेळाच्या अ‍ॅपमधल्या चुकीसारखे त्यावर हसता येत नाही. चार तास झोपलेला गट रविवारी बहुधा पुढेच असतो.

रविवारी अ‍ॅप चालते, टाळ्या पडतात. पण चालणे वेगळे आणि बरोबर असणे वेगळे. फोन छातीशी धरा, कॅमेऱ्यावर बोट ठेवा आणि रक्तदाब पाहा, असे सांगणारे एक अ‍ॅप २०१४-१५ मध्ये खूप विकले गेले. ते दिसायला देखणे होते, आकडाही झटपट दाखवायचे. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ते पडताळून पाहिले. उच्च रक्तदाब असलेल्या पाचांपैकी जवळजवळ चौघांना अ‍ॅपने तुमचा रक्तदाब वाढलेला नाही, असे सांगितल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. असा खोटा दिलासा मिळालेल्या माणसाने गोळी बंद केली तर काय होईल, हे सांगायला नको.

भारतात १ एप्रिल २०२० पासून निदान वा उपचारासाठीचे सॉफ्टवेअरही कायद्याने वैद्यकीय उपकरणांत मोडते. तरी आपली सावधगिरी आपणच बाळगायची. अ‍ॅप घेताना तीन गोष्टी पाहा. हे अ‍ॅप फक्त आठवण करते, की शरीरातले काही मोजल्याचा दावा करते? मोजत असेल, तर रुग्णांवर त्याची पडताळणी कोणी केली? आणि आपली माहिती कोणाकडे जाते? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर त्या आकड्यावर विसंबून औषध बदलू नका.

अशा स्पर्धेला जाणाऱ्या मुलामुलींना मात्र जरूर जाऊ द्या. अनोळखी माणसांबरोबर काम करणे, आपली लाडकी कल्पना सोडून देणे आणि रुग्णाचे आधी ऐकणे, हे ५४ तासांत शिकता येते. रविवारी बक्षीस मिळाले, तर सोमवारी त्यांना एवढेच विचारा : ज्या आजींशी शनिवारी बोललात, त्यांच्याकडे पुन्हा कधी जाणार?