खुर्चीतून उठताना

उतारवयात माणसाला चालण्यापेक्षा उठणे जड जाते. पौडच्या दवाखान्यात येणारे आजोबा-आजी हेच सांगतात, ‘‘डॉक्टर, एकदा उभं राहिलं की पार वेशीपर्यंत जाते, पण उठवायला दोघं लागतात.’’ यात नवल नाही. उठताना अंगाचा सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो, आणि वयाबरोबर हे स्नायू झपाट्याने झिजतात. त्यात गुडघ्यांची झीज किंवा कंपवाताची भर पडली, तर साध्या खुर्चीतून वर येणेही विहिरीतून वर येण्यासारखे होते.

आमचे नाना ८३ वर्षांचे. हयात मुळशीच्या चिखलात भातलावणी करण्यात गेली. दोन्ही गुडघे त्यातच झिजले. दिवेलागणीनंतर ते पाणी पिणे टाळतात, हे आईने हेरले. कारण साधे होते. लघवीला उठायचे तर सुनेला हाक मारावी लागणार, आणि ते नानांच्या जिवावर येई. असे पुष्कळ वृद्ध करतात. मग बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, उठताना चक्कर, अशी माळ लागते. नानांना दोनदा संसर्ग झाला, तेव्हा विजेवर उठवणारी खुर्ची घ्यायचे ठरवले.

बाजारात तिला लिफ्ट रिक्लायनर म्हणतात. खाली लोखंडी सांगाडा, त्यात छोटी मोटर आणि आट्यांचा दांडा. बटण दाबले की दांडा लांबतो आणि खुर्ची मागून उचलून हळूहळू पुढे कलते. भिंतीतली २३० व्होल्टची वीज एका डबीतून उतरून साधारण २४ ते २९ व्होल्ट होते. मोटर तेवढ्यावरच चालते.

खरेदीला वृद्धाला बरोबर न्यावेच. पुण्याच्या दुकानात पहिल्या दोन खुर्च्यांत नानांचे पाय लोंबकळले. या खुर्च्या बऱ्याचदा धिप्पाड देहांच्या मापाने घडवलेल्या असतात. पाठ टेकून बसल्यावर तळवे पूर्ण जमिनीला लागावेत, आणि बैठकीची कड व गुडघ्यामागची खळगी यांत दोन-तीन बोटे जागा राहावी. कापडी आवरण दिसते छान, पण आपल्याकडच्या पावसात त्याला बुरशी धरते. पुसता येणारे रेक्झिन बरे. मागे भिंतीपासून किती जागा लागते ते विचारा, घराच्या दाराचे माप खिशात ठेवा. दुरुस्तीला माणूस मुळशीत येईल का, किती दिवसांत, हे पावतीवर लिहून घ्यावे. वीज गेली तर काय, हेही विचारावे. पुष्कळ खुर्च्यांत ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसवायची सोय असते. त्यांवर खुर्ची जेमतेम एकदा सरळ होते, पण आडवा माणूस अडकून पडत नाही.

खुर्चीने उचलले की झटकन चालू लागू नये. वॉकर आधी समोर हवा, तळवे टेकलेले हवेत. अर्ध्यावर थांबून दोन-चार श्वास घ्यावेत. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो आजार समजतात. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी असे होते. तेव्हा डॉक्टरांकडून आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोनदा रक्तदाब मोजून घ्यावा. ज्यांचे पाय मुळीच भार घेत नाहीत, किंवा ज्यांना बटणाचे भान राहत नाही, त्यांना ही खुर्ची एकट्याने वापरू देऊ नये. आणखी एक: खुर्ची खाली आणताना नातवंडे, मांजर खाली नाहीत ना, ते पाहावे.

दर वेळी खुर्चीनेच उठवले तर मांड्या आणखी सुकतात. म्हणून नाना सकाळी उंच, हातांच्या लाकडी खुर्चीवरून पाच वेळा स्वतः उठतात, शिव्या देत.

दुसऱ्या पावसाळ्यात खुर्ची अर्ध्यावर अडली. विक्रेत्याचा माणूस दहा दिवसांनी येणार होता, आणि पहिल्याच रात्री नानांनी तांब्या बाजूला सारला. मग गावातल्या वायरमनला बोलावले. त्याने आधी बोर्डवर दुसरा दिवा लावून पाहिला, वीज होती. डबीवरचा दिवाही लागत होता, पण हातातल्या बटणांचा लागत नव्हता. म्हणजे दोष मधल्या वायरीत. जोड काढून पुन्हा घट्ट बसवले, तरी काही नाही. प्लग काढून खुर्ची पालथी केली, तर पोलादी पट्ट्यांच्या कात्रीत सापडून वायर चिरडलेली! तेवढा तुकडा बदलून, डाग देऊन, वर नळी चढवून त्याने वायर सांगाड्याला बांधून टाकली. अर्ध्या तासाचे काम. खुर्ची हमीच्या मुदतीत असती तर मात्र ती उघडू दिली नसती, हमी जाते. डबी बंद पडली तर फोडू नये. तेवढ्याच व्होल्टची, त्याच पिनेची नवी आणावी. मोटर गुणगुणते पण दांडा हलत नाही, तेव्हा बहुधा दांड्यासह मोटर बदलावी लागते. तिच्या चिठ्ठीवरचा क्रमांक लिहून ठेवावा. खुर्चीखाली उंदरांचा वावर नाही ना, तेही दर महिन्याला पाहावे.

एवढा खर्च सर्वांना झेपणारा नाही, आणि दर घरी त्याची गरजही नाही. सुताराकडून खाच पाडलेले चार इंची ठोकळे करून घट्ट, हातांच्या खुर्चीखाली बसवले तरी उठणे पुष्कळ हलके होते. खाच खोल हवी, पाय सरकता कामा नये. रात्रीसाठी कमोडची खुर्ची पलंगाशेजारी ठेवावी. ६५ वर्षांवरील गरजू वृद्धांना अशा साहित्यासाठी एकदाच ३ हजार रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्य सरकारने २०२४ साली आणली. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.