ब्लायबराचं छप्पर

इप्सविचहून लोस्टॉफ्टकडे जाणारा ए-१२ रस्ता ब्लाइथ नदी ओलांडतो, तिथे दलदलीच्या काठाला एक चर्च उभं आहे. होली ट्रिनिटी, ब्लायबरा. सफोकचे लोक त्याला 'दलदलीचं कॅथीड्रल' म्हणतात, आणि ते नाव त्याला शोभतं. लांबी सव्वाशे फुटांवर. वरच्या भिंतीत दोन्ही अंगांना अठरा-अठरा खिडक्यांची रांग. गावाची वस्ती मात्र तीनशेच्या आसपास. 'इंग्लंडमधलं एखादं खेडं आणि त्याचं चर्च', एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. ब्लायबरा मी निवडलं ते या व्यस्त प्रमाणासाठी. एवढ्याशा गावाने एवढं चर्च बांधलं कसं, आणि आज ते सांभाळतं कोण?

बांधलं तेव्हा गाव एवढंसं नव्हतं. नदीतून व्यापारी जहाजं इथवर येत, बाजार भरे, ऑगस्टिनियन साधूंचा मठ होता. १४१२ साली त्या मठाला चर्च नव्याने बांधायची राजाची परवानगी मिळाली आणि त्या शतकात आजची इमारत उभी राहिली. पुढे नदी गाळाने भरत गेली, मोठी जहाजं येईनाशी झाली. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३७ मध्ये, मठ बंद झाला. १६७६ साली मोठी आग लागली. घरं जळालेल्यांपैकी बरेच जण गाव सोडून गेले. गाव आटत गेलं, चर्च मात्र होतं तेवढंच राहिलं.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो उजेड. मध्ययुगातली रंगीत काच जवळजवळ सगळी गेली आहे, त्यामुळे समुद्राकडचं पांढरं ऊन साध्या काचांतून थेट आत येतं आणि छपरावर चढतं. छप्पर जवळपास सपाट आहे. ओकच्या जाडजूड तुळया, त्यांच्यामध्ये वासे, आणि वाशांवर पांढुरक्या अस्तरावर साच्याने उमटवलेली लाल-हिरवी फुलं. मधूनमधून येशूच्या नावाची अक्षरं. तुळयांच्या मध्यावर, आढ्याखाली, पंख पसरलेले लाकडी देवदूत पाठीला पाठ लावून बसवले आहेत. एकाचं तोंड वेदीकडे, दुसऱ्याचं मनोऱ्याकडे. पंखांचं पीसन्‌पीस कोरलेलं आहे. कुठे रंगाचा पापुद्रा टिकून आहे, कुठे तो गळून राखाडी ओक उघडा पडला आहे. आणि हा रंग मुळातला, पंधराव्या शतकातला आहे. त्यावर नंतर कुणी ब्रश फिरवलेला नाही. मान दुखेपर्यंत मी वर पाहत राहिलो, ते या एका गोष्टीसाठी.

ईस्ट अँग्लियात देवदूतांची छपरं पुष्कळ आहेत. पण त्यांतली बरीचशी नंतर रंगवली, बदलली, 'सुधारली' गेली. ब्लायबराचं वाचलं ते जपल्यामुळे, असं वाटणं साहजिक आहे. इतिहास पाहिला तर वेगळंच दिसतं.

४ ऑगस्ट १५७७, रविवार. उपासना चालू असताना वादळ आलं, वीज पडली, मनोऱ्यावरचा उंच कळस छप्पर फोडून आत कोसळला आणि माणसं दगावली. त्याच दिवशी बंगे गावातल्या चर्चवरही वीज पडली, आणि दोन्हीकडे सैतान काळ्या कुत्र्याच्या रूपात आला होता अशी कथा पसरली. उत्तरेच्या दारावरचे जळके ओरखडे त्या कुत्र्याच्या पंजाचे म्हणून आजही दाखवतात. (इंग्लंडभरच्या जुन्या दारांवर, तुळयांवर अशा खुणा सापडतात, वीज आणि आग घराबाहेर राहावी म्हणून लोक मुद्दाम ज्योत धरून त्या उमटवत, असं अभ्यासक मानतात.) कळस पुन्हा बांधला गेला नाही.

एप्रिल १६४४ मध्ये विल्यम डाउझिंग आला. यादवी युद्धाच्या काळात चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडण्याचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्याची रोजनिशी तो नेमाने ठेवत असे. इथे त्याने वीस देवदूत खाली उतरवायचा आणि दोनशेहून जास्त चित्रं आठ दिवसांत काढायचा हुकूम दिला. काचा गेल्या. मध्यभागातले बरेच देवदूत मात्र राहिले. आता हुकूम पाळायचा म्हणजे परांची बांधायची, सुतार लावायचे आणि त्यांची मजुरी गावाने भरायची. माझा कयास असा की इथेच घोडं अडलं.

डाउझिंगच्या सैनिकांनी देवदूतांवर गोळ्या झाडल्या, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. १९७० च्या दशकात दुरुस्ती करताना लाकडात शिशाचे छर्रे खरोखरच सापडले. ते तपासले तेव्हा कळलं की डाउझिंगच्या काळात असले छर्रे नव्हतेच. अठराव्या शतकातल्या चर्चच्या हिशेबात दारू आणि छर्ऱ्यांचा खर्च नोंदला आहे: छपरात घरटी करणारे जॅकडॉ, म्हणजे कावळ्याच्या जातीतले लहान पक्षी, मारण्यासाठी! म्हणजे देवदूतांना जखमा केल्या त्या गावकऱ्यांनीच, छप्पर राखण्याच्या खटपटीत.

एकोणिसाव्या शतकापर्यंत छप्पर इतकं गळू लागलं की पावसात लोक प्रार्थनेला छत्र्या उघडून बसत. १८८१ मध्ये चर्च धोकादायक म्हणून बंद करावं लागलं. तो काळ जीर्णोद्धाराच्या लाटेचा होता. पैसेवाल्या गावांत वास्तुविशारद भिंती खरवडत, जुनं लाकूड काढत, मध्ययुग 'असं असायला हवं होतं' म्हणून नवं घडवत. आपल्याकडे दगडी देवळांवर ऑइलपेंटचे डबे रिकामे होताना पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्याच जीर्णोद्धाराविरुद्ध कवी-कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली होती, आणि ती ब्लायबराच्या कामात पडली: गळती थांबवा, तुळया सावरा, जुन्याला हात लावू नका. गाव वैतागलं. लोकांना डोक्यावर पाऊस नको होता आणि हे पाहुणे रंगाच्या पापुद्र्यासाठी भांडत होते. १८८४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं, वाद मात्र चालू राहिला. दुरुस्ती तुकड्यातुकड्याने झाली. गावाकडे पैसा असता तर वाद सुरू होण्याआधीच छपराला नवा चकचकीत रंग लागला असता, याबद्दल मला शंका नाही.

दारिद्र्याने राखलेल्या गोष्टी खालीही आहेत. १६८२ सालचा लाकडी जॅक, म्हणजे घंटा वाजवणारा पुतळा, दोरी ओढली की आजही घंटेवर ठोका देतो. बाकांच्या टोकांवर पापं कोरली आहेत. आळस चक्क अंथरुणात आहे. एका बाकावर डर्क लोवरसेन नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने १६६५ मध्ये आपलं नाव, गाव आणि वय कोरून ठेवलंय.

आज मात्र दारिद्र्य छपराला वाचवू शकत नाही. भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकाला ओल धरली की ओक पोखरणारा भुंगेरा येतो, आणि बाहेरून काही दिसायच्या आत लाकूड पोकळ होतं. छपरावरचं शिसं चोरणाऱ्या टोळ्यांनी इंग्लंडभरची चर्चेस नागवली आहेत. १९५५ पासून चालत आलेल्या नियमानुसार दर पाच वर्षांनी वास्तुविशारद पाहणी करून दुरुस्त्यांची यादी देतो. यादी देणं सोपं. चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे सोळा हजार चर्चेस आहेत, आणि त्यांची दुरुस्ती ना सरकार करतं ना वरचं धर्मपीठ. ती त्या त्या गावच्या पॅरिश मंडळावर असते, म्हणजे प्रत्यक्षात मूठभर स्वयंसेवकांवर. पन्हाळीतला पाला काढणं, संगीताचे कार्यक्रम ठरवणं, अनुदानाचे अर्ज भरणं हे सगळं तेच करतात, आणि बहुतेक ठिकाणी ते सत्तरीच्या आसपासचे आहेत.

आणि त्यावर कर. 'ग्रेड एक' हा वारशाचा सर्वोच्च दर्जा सरकारनेच दिलेला. त्यामुळे काम ओक, चुना आणि शिसं वापरून, जुन्या कसबाचे कारागीर लावून करावं लागतं, आणि ते तसंच व्हायला हवं. पण त्या वाढलेल्या खर्चावर सरकार वीस टक्के व्हॅट लावतं. पूर्वी तो परत मिळे. २०२५ मध्ये या परताव्याला एका चर्चमागे वर्षाला पंचवीस हजार पौंडांची मर्यादा घातली गेली. समजा, त्याच वर्षी पाच लाख पौंडांचं छपराचं काम निघालं. कर एक लाख, परतावा पंचवीस हजार. उरलेले पंच्याहत्तर हजार तीनशे माणसांच्या गावाने उभे करायचे: तान्ह्या मुलासकट दरडोई अडीचशे पौंड, तेही नुसत्या करापोटी. ज्या इमारतीला सरकार राष्ट्राचा ठेवा म्हणतं, तिच्या दुरुस्तीवर कर घेऊच नये, ही मागणी इंग्लंडमध्ये जुनी आहे. ब्लायबराच्या छपराखाली उभं राहिल्यावर ती मला पूर्णपणे रास्त वाटते.