मातीचें विरजण

दूध नासलें तर आपण हळहळतों. विरजण लावलें तर दहीं आवडीनें खातों. दोन्हीं ठिकाणीं कार्य सूक्ष्म जंतूंचेंच; भेद निवडीचा. जीवामृताचें मर्मही हेंच होय.

अमरावती जिल्ह्यांतील श्री. सुभाष पाळेकर (पद्मश्री, २०१६) यांच्या कृतींत एका एकरास २०० लिटर पाणी, १० किलो गाईचें शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन व बांधावरील मूठभर माती लागते. अंधेरी-बोरिवलीच्या परसास याचा दहावा हिस्साही पुष्कळ. गुळाऐवजीं फार पिकलेल्या केळ्यांचा गरही चालतो.

मिश्रण सावलींत ठेवून दिवसांतून दोनदा ढवळावें व ४८ तासांनंतर मुळांशीं घालावें. वर गोणपाट झांकावें; घट्ट झांकण लावल्यास आंबण्याचा वायु कोंडून पिंप फुटण्याचें भय असतें. शेणांत रोगजंतुही असूं शकतात. म्हणून कच्च्या खावयाच्या भाजीवर तें शिंपडूं नये.

गूळ व बेसन हें जंतूंचें अन्न होय, रोपांचें नव्हे. पोसलेले जंतु पालापाचोळा कुजवितात, तेव्हां रोपांस अन्न मिळतें. पाचोळ्यावांचून जीवामृत ओतणें म्हणजे घरीं धान्य नसतां आचारी बोलावणें. शुभवर्तमानांतील दृष्टांतांतही खमिराबरोबर पीठ आहेच, हें विसरूं नये.