काळा पडलेला दाणा कुणाच्या पोटात जातो?



खरिपाची ज्वारी कापणीला आली की परतीचा पाऊस बऱ्याचदा गाठतोच. कणीस उभ्यानं भिजतं, दाण्यावर गुलाबी-काळी बुरशी चढते. मग खळ्यावर ठरलेली वाटणी होते. पांढरा दाणा बाजाराला, डागी दाणा घराला, आणि अगदीच काळा सालदाराला नाहीतर ढोरांना. ही वाटणी बदलावी, एवढंच आम्हांला सांगायचं आहे.

आपली दादर रब्बीची, म्हणून पावसातून सुटते. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले आणि उत्पन्न वाढले. पण अशी लवकर पक्व होणारी वाणे पावसात सापडू लागली. मक्याचीही तीच गत.

बुरशी नुसता रंग बिघडवत नाही. अ‍ॅस्परजिलस, फ्युजेरियम या कुळांतील काही बुरश्या वाढताना विष तयार करतात. प्रत्येक काळा दाणा विषारी असतो असे नाही. उलट वरून बरा दिसणारा दाणाही विषारी असू शकतो. अफलाटॉक्सिन हे विष तर भाकरीच्या आचेनंही पुरतं जात नाही.

१९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत काय घडले पाहा. मुलूख आपल्या सातपुड्यासारखाच, डोंगराळ आणि भिल्ल वस्तीचा. अवकाळी पावसात मका भिजला, ओलाच साठवला गेला, आणि घरात दुसरे धान्य नसल्याने तोच खाल्ला गेला. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले. ३९७ जण आजारी पडले, त्यांतले १०६ दगावले. घरची कुत्रीसुद्धा वाचली नाहीत. तपासात मक्यात अफलाटॉक्सिन सापडले.

१९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसाने भिजलेली ज्वारी व मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. तिथे फ्युमोनिसिन हे विष निघाले. तेव्हाही झळ लागली ती गरीब घरांना.

बाजरीवरचा अरगट हाही असाच वैरी. कणसातून आधी मधासारखा चिकट स्राव गळतो, नंतर दाण्याच्या जागी काळसर गाठी धरतात. त्या पिठात गेल्या की मळमळ, उलट्या आणि गुंगी येते.

"ढोरांना घालून टाकू," असं म्हणून सुटका होत नाही. बुरसट मका किंवा सरकीची पेंड म्हशीच्या पोटात गेली की अफलाटॉक्सिनचा काही अंश दुधात उतरतो. तेच दूध आपली लेकरं पितात.

उपाय घरचेच आहेत. ज्वारीच्या दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरला असं समजावं, पावसाचं चिन्ह असेल तर कणसं कापून वाळवावीत. ओल्या कणसांचा ढीग घालू नये. मका साठवताना ओलावा १२ टक्क्यांच्या वर नसावा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. पोती भिंतीला टेकवू नयेत, खाली फळ्या घालाव्यात. बाजरीचं बी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात टाकावं. अरगटाच्या गाठी तरंगतात, त्या काढून जाळाव्यात. खालचं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत सुकवावं.

बुरसटलेला माल चांगल्या मालात मिसळू नये. तो पुरून टाकावा. दोन पोती धान्य पुरायचं तर जीव तुटतो, हे आम्ही जाणतो. पण दवाखान्याचा खर्च त्याहून मोठा, आणि गेलेला माणूस परत येत नाही.

सालदाराला धान्य द्यायचं तर आपल्या घरी जे दळलं जातं, त्याच पोत्यातलं मोजून द्यावं.