चकती, पॅड आणि एक इवलीशी तार

मोटारीच्या वेगाचे कौतुक सर्वांनाच असते. ती थांबते कशी, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. दीड हजार किलोग्रॅमची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असली, तर तिच्या अंगी सुमारे ५ लाख ८० हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. गाडी थांबवावयाची म्हणजे या ऊर्जेची काही सेकंदांत उष्णता करावयाची. तेवढ्या उष्णतेने २५ अंशांचे पावणेदोन लिटर पाणी सहज उकळेल! वेग दुप्पट झाला की हा आकडा चौपट होतो. जर्मनीतील आउटोबान महामार्गांच्या बऱ्याच भागांवर वेगास बंधन नाही. ताशी १३० किलोमीटरची केवळ शिफारस आहे. तेथील गाड्यांचे ब्रेक दणकट का असावे लागतात, हे यावरून ध्यानी येईल. अशा गाड्या आता पुण्यानजीक चाकण येथेही जुळविल्या जातात; तेव्हा हा विषय आपणांस अगदीच परका नाही.

चाकाबरोबर ओतीव लोखंडाची एक चकती फिरत असते. पेडलवर पाय दिला की कॅलिपर नावाचा चिमटा तिच्या दोन्ही अंगांस पॅड दाबून धरतो. नव्या पॅडवरील घर्षणाचा थर सामान्यतः १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेच लागते. चकतीही झिजते. तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, आणि ती मायक्रोमीटरने मोजावी. नुसत्या नजरेने तेथे भागत नाही.

आता त्या तारेविषयी. बीएमडब्ल्यू गाडीत पॅडच्या खाचेत एक सेन्सर बसविलेला असतो. त्याच्या टोकातून तारेचा वेढा गेलेला असतो. पॅड झिजून टोक चकतीला घासू लागले की तार तुटते, मंडल खंडित होते आणि चालकापुढील दिवा पेटतो. वाटेत दगड लागून तार तुटली तरीही दिवा पेटतोच. म्हणजे बिघाड झाला तर तो लपून राहत नाही. मर्सिडीजच्या अनेक गाड्यांत याच्या उलट योजना आहे. तेथे उघडी पडलेली तार चकतीस टेकते आणि मंडल पूर्ण होते. ही तार मध्येच तुटली तर दिवा कधीच पेटणार नाही. आम्हांस पहिली योजना अधिक पसंत आहे.

परंतु पहिल्या योजनेवरही सारा भार टाकता येत नाही. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक गाड्यांत सेन्सर पुढच्या डाव्या व मागच्या उजव्या चाकाशीच असतो. उरलेल्या दोन चाकांवर कोणाचीच नजर नसते! कॅलिपरची सरकती पिन गंजून अडकली, तर त्याच चाकाचे एक पॅड पार झिजते आणि दिवा मात्र शांत राहतो. यास्तव चाक काढले की चारही ठिकाणची पॅडे, आतली व बाहेरची दोन्ही, डोळ्यांनी पाहावीत.

बदलण्याचे काम जाणत्या माणसाचेच आहे. गाडी जॅकवर नव्हे, भक्कम घोडीवर टेकवावी. मागची हातब्रेकची व्यवस्था विजेची असल्यास ती आधी दुरुस्तीच्या स्थितीत न्यावी. एरवी पिस्टन जबरीने मागे ढकलल्यास यंत्रणा मोडते. सोडविलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने टांगून ठेवावा. नवी चकती बसविण्यापूर्वी तिच्यावरील तेल पुसावे व खालच्या बैठकीचा गंज घासून काढावा. गंजाचा कण राहिला तरी चकती लचकत फिरते. पॅडे आणि चकत्या एका आसाच्या दोन्ही चाकांवर एकदमच बदलतात. ज्याने दिवा पेटविला तो सेन्सर पुन्हा उपयोगी पडत नाही, आणि नवा बसविल्यावाचून गाडीतील गणकयंत्र जुनी सूचना सोडत नाही.

पिस्टन मागे सारलेला असल्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट तळाशी जाते. म्हणून गाडी जागची हलविण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावे, ब्रेक ऑइलची पातळी पाहावी, आणि मगच गाडी रस्त्यावर काढून आरंभीचे दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळीत ती चालवावी.